माजी सैनिक कोणाला म्हणायचे? तारीख आणि कारणाचा हिशेब

बार्शी, माढा, मंगळवेढ्याकडच्या गावांत फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला लोक मानाने 'मेजर' म्हणतात. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्रासाठी गेल्यावर मात्र डिस्चार्ज बुकातल्या (सुटताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतल्या) दोन नोंदी निर्णायक ठरतात, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचे कारण.

ही व्याख्या काळानुसार घट्ट होत गेली. सुरुवातीला गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेले नसले की पुरे होते. १ जुलै १९७९ ते ३० जून १९८७ या काळात सुटलेल्यांना कसम परेडनंतर (प्रशिक्षणाअखेरच्या शपथविधीनंतर) सलग ६ महिन्यांची सेवा लागते आणि स्वतःहून घरी आले असतील तर किमान ५ वर्षांची. १ जुलै १९८७ पासून निकषच बदलला. आता संरक्षण खात्याची पेन्शन हवी, नाहीतर ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह सुटका झालेली हवी.

दोन जवान धरा. दोघांची सेवा १२ वर्षे, दोघेही घरच्या अडचणीपायी अर्ज देऊन आले. मे १९८७ मध्ये सुटलेला माजी सैनिक ठरतो. ऑगस्ट १९८७ मध्ये सुटलेला ठरत नाही, कारण जवानाला सेवा पेन्शन १५ वर्षांनी लागू होते आणि मुदतही अर्धवट राहिलेली. सरकारी नोकरीतले १५ टक्के समांतर आरक्षण, वयाची सवलत, घरपट्टीची माफी, सगळे तीन महिन्यांच्या फरकाने हातचे गेले. आमच्या मते या तरतुदीचा सर्वांत कठोर भाग हाच आहे.

म्हणून डिस्चार्ज बुकातला 'आर्मी रूल १३(३)' चा पोटक्रमांक नीट वाचावा. III(i) म्हणजे मुदत पूर्ण, III(iv) म्हणजे मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून. पेन्शन मिळवून मग विनंतीवरून सुटलेल्यांना अडचण नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, तरी अर्ज फेटाळला जाऊ नये म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सोबत जोडावाच. प्रशिक्षणातच जायबंदी होऊन अपंगत्व पेन्शनवर परतलेले रिक्रूटही व्याख्येत बसतात. सीआरपीएफ, बीएसएफचे जवान बसत नाहीत. त्यांच्यासाठी २०१२ पासून वेगळी संज्ञा आहे.

नाव, जन्मतारीख किंवा पत्नीचे नाव आधारशी जुळत नसेल तर सोलापुरात ते दुरुस्त होत नाही. ते काम रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावला लिहावे लागते. जवान गेल्यावर विधवेला हे करताना फार हाल सोसावे लागतात, म्हणून नोंद हयातीतच करून घ्यावी.

नवा प्रश्न अग्निवीरांचा आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत ४ वर्षांनी सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, मिळतो, पेन्शन वा ग्रॅच्युइटी नाही. त्यामुळे कायम न झालेली मुले मुदत पूर्ण करून गावी आली तरी आजच्या नियमाने त्यांना माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळत नाही.