खांद्यातल्या ज्या तंतूंना सुट्टीच नसते

मोबाइलमध्ये मान घातली की मानेवर 27 किलोंचा भार येतो, असं चित्र व्हॉट्सॲपवर फिरत असतं. हा आकडा 60 अंश झुकलेल्या डोक्यासाठी संगणकावर गणित करून काढलेला आहे. जिवंत मानेत मोजलेला नाही. इंदूरला विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसणाऱ्याची मान एवढी झुकतही नाही, तरी संध्याकाळी खांदा धरतोच.

धरतो तो बहुधा ट्रॅपिझियसचा वरचा भाग, कवटीच्या मागून खांद्याच्या टोकाकडे गेलेला स्नायू. सगळा स्नायू एकदम कामाला लागत नाही. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले तंतू असा एकेक गट असतो. थोडाच जोर हवा असेल तर लहान गट जुंपले जातात, जोर वाढला की मोठे. सुटताना क्रम उलटा. म्हणजे लहान गट एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखे, सगळ्यांआधी उठणारे आणि सगळ्यांनंतर निजणारे. माउस धरायला स्नायूच्या ताकदीचे जेमतेम काही टक्के लागतात, म्हणून काम हलकं वाटतं. पण ते तासन्‌तास त्याच मूठभर तंतूंवर पडतं. त्यांना त्यातून इजा होते, असं स्वीडनचे संशोधक गोरान हॅग यांचं 1991 चं ‘सिंड्रेला गृहीतक’ सांगतं; सिंड्रेला म्हणजे परीकथेतली अशीच दिवसभर राबणारी मुलगी. नॉर्वेत पॅकिंग करणाऱ्या स्त्रियांच्या स्नायूंचे विद्युत्‌आलेख घेतले, तेव्हा ज्यांच्या आलेखात क्षणभराचे विराम कमी होते, त्यांना पुढे दुखणं जास्त झालं.

त्यामुळे नुसतं ताठ बसून भागत नाही. खांदा उचललेला राहिला तर तेच तंतू राबतात. ऑफिसचं टेबल साधारण 75 सेंमी उंच असतं. बसणाऱ्याची उंची कमी असेल तर कोपर टेबलाच्या खाली राहतं आणि खांदा वर चढतो. खुर्ची वर घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा. लॅपटॉपची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा, माउस त्याला खेटून. प्रोग्रेसिव्ह चष्मा (जवळचं बघायचा भाग काचेत खाली असलेला) असेल तर स्क्रीन थोडी खालीच बरी, नाहीतर हनुवटी वर जाते. दर 20 ते 30 मिनिटांनी अर्धा मिनिट हात मांडीवर सैल सोडा. तेव्हा मोबाइल उचलला तर विश्रांती झालीच नाही.

रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा रोज 2 मिनिटांचा व्यायाम, आठवड्यात 5 दिवस, 10 आठवडे: 2011 च्या डॅनिश चाचणीत एवढ्यानेही दुखणं कमी झालं.

सलूनमध्ये मान कटकन मोडून घेऊ नका. क्वचित मानेतली धमनी फाटून पक्षाघात होतो. चुंबकाची माळही व्यर्थ. रक्तातलं लोह चुंबकाला चिकटत नाही.

हाताला मुंग्या येणं, वस्तू हातातून निसटणं किंवा चालताना तोल जाणं हे मात्र खांद्याच्या स्नायूचं दुखणं नव्हे. तेव्हा व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा.