पाळीव फिंच पक्ष्यांचे पोषण व जीवनसत्त्व पूरके

पिंजऱ्यातील फिंचना कोरड्या दाण्यांच्या जोडीने द्यावे लागणारे ओले अन्न, क्षार आणि जीवनसत्त्वे यांविषयीची ही नोंद. महाराष्ट्रातील घरांत सर्वाधिक दिसतो तो झेब्रा फिंच. त्याखालोखाल बेंगलीज आणि रंगांमुळे महाग विकला जाणारा गोल्डियन. झेब्रा आणि गोल्डियन मूळचे ऑस्ट्रेलियाचे. बेंगलीज मात्र रानात कुठेच सापडत नाही. आशियातील पांढऱ्या पाठीच्या मनोली (मुनिया) पक्ष्यापासून जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळून तो तयार झाला. आपल्याकडच्या रानातील मनोल्या दिसायला याच पक्ष्यांच्या बहिणी, पण त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्या पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे.

फिंचचे मुख्य खाणे म्हणजे गवतवर्गीय बारीक दाणे. दुकानात ‘कांग’ म्हणून मिळणारे राळे, बाजरी, वरई, नाचणी आणि कॅनरी सीड यांचे मिश्रण सहसा दिले जाते. झेब्रा फिंचचे वजन १० ते १५ ग्रॅम असते आणि त्याला दिवसाला चहाचा लहान चमचाभर दाणे पुरतात. एवढ्याशा अंगात साठा फारसा नसतो, त्यामुळे एक दिवसाचा उपासही त्याच्या जिवावर बेततो. असे उपास बहुतेकदा भरलेल्या वाटीसमोरच घडतात. फिंच दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर गिळतो आणि फोलपट तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, पण हलकी फुंकर मारली की वरचा थर उडून जातो आणि तळाशी चार दाणे उरलेले दिसतात. रोज सकाळी ही फुंकर मारणे हा फिंच पाळण्यातला पहिला धडा आहे.

वाटी खरोखरच भरलेली असली तरी नुसत्या दाण्यावर पक्षी निरोगी राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष मैदानांतला झेब्रा फिंच पक्व दाण्यांवर जगतो हे खरे, पण पिल्लांना तो मुख्यतः दुधात आलेले, अर्धकच्चे दाणे भरवतो. कोरड्या दाण्यात पिष्ट भरपूर असते, मात्र अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, ड३ अजिबात नसते, कॅल्शियम तुटपुंजे असते आणि लायसिनसारखी अमिनो आम्लेही (प्रथिनांचे घटक) कमी पडतात. खरिपात बाजरीचे हिरवे कणीस मिळाले तर ते पिंजऱ्यात टांगावे. एरवी राळे किंवा बाजरी भिजवून मोड आणणे हा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय. मोड आले म्हणजे दाणा जिवंत आहे, याची खात्रीही त्यातच होते. आंबूस वास येताच ते फेकून द्यावेत. पावसाळ्यात दमट डब्यातल्या दाण्याला बुरशी लागते आणि तिची विषे यकृत खराब करतात, म्हणून कोंदट वासाचा दाणा पाखडून वापरण्याचा मोह नको.

कॅल्शियमकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. झेब्रा मादी रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. अंडे सुमारे एक ग्रॅमचे असते, म्हणजे आठवड्याभरात ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वजन अंड्यांत ओतते. एका कवचात ढोबळ हिशेबाने २० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिने दिवसभरात तीन ग्रॅम राळे खाल्ले तर त्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळते. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे राळ्याच्या दहापट कॅल्शियम असते. म्हणून मिश्रणात तिला मानाचे स्थान द्यावे, पण तिच्यावरही कवचाचा हिशेब पुरा होत नाही. बाकीचे मादी हाडांतून काढते, आणि तिथेही नसले की कवच मऊ राहते व अंडे आत अडकते. अशी मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी श्वासाबरोबर खालीवर हलते, डोळे मिटत जातात. काही तासांत ती दगावू शकते. तिला ऊब देऊन लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. पोट दाबून अंडे काढायचा प्रयत्न मुळीच करू नये.

यावरचा उपाय घरात आणि किनाऱ्यावर मिळतो. समुद्रफेस म्हणजे माकूलच्या जातीच्या कटलफिश या सागरी प्राण्याच्या अंगातले हलके पांढरे कवच. कोकणच्या पुळणीवर ते वाहून येते. गोड्या पाण्यात बरेच दिवस, पाणी बदलत भिजवून मीठ काढावे आणि कडक उन्हात वाळवावे. कोंबडीच्या अंड्याचे कवच उकळून, भाजून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवले तरी चालते. घरट्यासाठी मटकी (छोटे मडके) लावण्याआधी दोन-तीन आठवडे ही वाटी पिंजऱ्यात असली पाहिजे. अंडे आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

कॅल्शियम अंगी लागायला ड३ जीवनसत्त्व लागते. वनस्पतींतून मिळणारे ड२ पक्ष्यांना फारसे उपयोगी नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी ड३ अंगातच तयार होते, पण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. बंद गॅलरीतल्या पक्ष्याला उजेड मिळतो, ऊन मिळत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्ध्या भागावर सावली राहील असा पिंजरा ठेवणे हे कोणत्याही बाटलीपेक्षा चांगले.

अ जीवनसत्त्वासाठी गर्द हिरवा पाला द्यावा : शेवगा, कोथिंबीर, मेथी, शिवाय किसलेले गाजर. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते, म्हणून तो क्वचितच द्यावा. पाल्यातील कॅरोटिनॉइड या पिवळ्या रंगद्रव्यांचे रूपांतर झेब्रा फिंच स्वतःच्या शरीरात लाल रंगद्रव्यात करतो. नराच्या लालभडक चोचीचे गूढ हेच, आणि त्यामागची जनुके २०१६ मध्ये ओळखली गेली.

जीवनसत्त्वांच्या शोधाची वाटही एका खुराड्यातून गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांच्या कोंबड्या रुग्णालयातील पांढरा, सडीक भात खाऊन पांगळ्या झाल्या. नव्या स्वयंपाक्याने तो भात द्यायचे नाकारले, असडीक तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्यातल्या त्या घटकाला आज आपण ब१ म्हणतो. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

बाजारातील पूरके द्रव किंवा भुकटी स्वरूपात मिळतात. पाण्यात घातलेली जीवनसत्त्वे उजेडाने व हवेने लवकर निकामी होतात, पाणी चिकट होऊन जंतू वाढतात, आणि चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो. ओल्या अन्नावर चिमूटभर भुकटी भुरभुरणे जास्त भरवशाचे, कारण कोरड्या दाण्यावरची भुकटी फोलपटासह खाली पडते. अ आणि ड३ ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे अंगात साठतात, आणि ड३ जास्त झाले तर मूत्रपिंडात चुना साचतो. कोंबड्यांसाठीचे टॉनिक फिंचना ‘एक थेंब’ देण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. दोन किलोंच्या कोंबडीपुढे १२ ग्रॅमचा पक्षी म्हणजे दीडशेहून अधिक पटींचा फरक. दोन वेगवेगळी पूरके एकत्र तर कधीच देऊ नयेत. ज्याला पाला, मोड आणि ऊन मिळते त्याला रोजच्या पूरकाची गरज नसते. पिसे झडण्याचा काळ, वीण आणि आजारानंतरचे दिवस यांत डॉक्टरांना विचारून ते द्यावे.

वीण चालू असताना उकडलेले अंडे कुस्करून दिले की प्रथिनांची भर पडते. उन्हाळ्यात ते दोन तासांच्या आत काढून घ्यावे. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, खारवलेले पदार्थ व चहा वर्ज्य. नवे अन्न फिंच पहिल्या दिवशी ओळखतच नाहीत. पाल्याची काडी बसण्याच्या दांडीजवळ रोज सकाळी अडकवत राहावी. जोडीतल्या एकाने चोच मारून पाहिली की दुसराही तिथे येतो.