लोखंडाला सरावलेला हात आणि टायटॅनियमचा जोड

स्टेनलेस स्टीलवर ज्याचा हात देखणा चालतो, त्याच्याच हातून टायटॅनियमचा पहिला जोड बहुधा बिघडतो. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत असे वेल्डर सहज भेटतील, ज्यांनी मारलेल्या एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) जोडावरच्या लहरी मोजून घ्याव्यात इतक्या एकसारख्या असतात. अशा माणसापुढे एखाद्या केमिकल कारखान्यातून दुरुस्तीला आलेला टायटॅनियमचा पाइप ठेवा. धातू छान वितळतो, आटोपशीर वाहतो, जोड सुबक दिसतो. टायटॅनियम वितळवणं मुळात अवघड नाहीच. १६६८ अंश सेल्सिअस म्हणजे आर्कच्या (वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या) दृष्टीने काहीच नाही. पण तोच जोड शिकंज्यात धरून वाकवला, की न वाकता कडकन तुटतो.

यात हाताची चूक नसते. पोलादावर वर्षानुवर्षं बरोबर ठरलेल्या सवयी इथे चुकीच्या ठरतात. टायटॅनियमच्या वेल्डिंगमधल्या बहुतेक चुका मला तरी याच एका कारणाच्या वाटतात.

पोलाद तापलं की त्यावर खपली धरते. खपली वेगळी, धातू वेगळा. ब्रश मारला की खाली मूळ पोलाद शाबूत. टायटॅनियमचं तसं नाही. थंड असताना त्याच्यावरही ऑक्साइडचा थर असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. त्या थरामुळेच हा धातू समुद्राच्या पाण्यात गंजत नाही आणि नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत माणसाच्या हाडाला बसवता येतो. मात्र तापल्यावर टायटॅनियम हाच ऑक्साइड विरघळवून स्वतःच्या पोटात घेतो आणि वरून आणखी ऑक्सिजन ओढत राहतो. किती घेऊ शकतो? घन टायटॅनियममध्ये दर तीन अणूंमागे जवळजवळ एक अणू ऑक्सिजनचा मावतो. इतकी हाव दुसऱ्या कुठल्या रोजच्या धातूला नाही.

पोटात गेलेला ऑक्सिजन काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. ८८२ अंशांच्या खाली शुद्ध टायटॅनियमचे अणू षटकोनी रचनेत बसलेले असतात. धातू वाकतो म्हणजे या अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. षटकोनी रचनेत सरकायच्या वाटा आधीच मोजक्या. ऑक्सिजनचे छोटे अणू मधल्या पोकळ्यांत जाऊन बसले, की त्याही अडतात. धातू कडक होतो, ताकद वाढते, पण वाकायची तयारी जाते. बाजारात मिळणाऱ्या शुद्ध टायटॅनियमच्या ग्रेड मुख्यतः याच हिशोबाने ठरतात. ग्रेड २ मध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.२५ टक्के आणि यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) किमान २७५ मेगापास्कल. ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के आणि ४८३. जेमतेम ०.१५ टक्क्यांच्या फरकाने ताकद पावणेदोनपट! कारखान्यात हे मोजून-मापून, सगळ्या पत्र्यात एकसारखं केलं जातं. वर्कशॉपमध्ये ते नकळत घडतं आणि नेमकं जोडावर घडतं. मग मऊ पत्र्याच्या मधोमध एक ठिसूळ पट्टा तयार होतो आणि पहिला ताण आला की भेग तिथून सुरू होते.

नायट्रोजनही तेच करतो, आणि जास्त जोमाने. पोलादाचा वेल्डर नायट्रोजनला फारसं घाबरत नाही, पण तापलेलं टायटॅनियम निव्वळ नायट्रोजनमध्ये जळूसुद्धा शकतं. कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस, जो पोलादाच्या मिग वेल्डिंगला (वायरच वितळत जाते त्या प्रकाराला) सर्रास वापरतात, इथे विषच. चालतो तो फक्त आर्गॉन किंवा हीलियम, आणि तोही किमान ९९.९९५ टक्के शुद्ध.

आता मुख्य गोष्ट. पोलादावर काम करताना वितळलेला डोह गोठला की वेल्डरच्या लेखी धोका संपतो. टॉर्च (आर्क आणि गॅस सोडणारं हातातलं हत्यार) पुढे जाते, मागचा लाल पट्टा उघड्या हवेत थंड होतो, कोणाचं काही बिघडत नाही. टायटॅनियम मात्र गोठल्यानंतरही पीत राहतं. साधारण ४२५ अंशांच्या खाली येईपर्यंत त्याला हवा लागू द्यायची नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यात टायटॅनियम उष्णता सावकाश सोडतं. उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आहे. हिशोब करून पाहा. टॉर्च मिनिटाला १० सेंटिमीटर सरकते आहे आणि जोड पुरेसा निवायला अर्धा मिनिट लागतो आहे, असं धरा. म्हणजे टॉर्चच्या मागे ५ सेंटिमीटर लांबीची गरम शेपटी कायम उघडी. टॉर्चचा सिरॅमिक कप आर्गॉनने झाकतो जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा. उरलेल्या शेपटीचं काय?

त्यासाठी टॉर्चच्या मागे आर्गॉनची एक वेगळी पेटी ओढत न्यावी लागते. हिला ट्रेलिंग शील्ड म्हणतात. पत्र्याचा छोटा डबा, आत सच्छिद्र जाळी, जाळीतून संथ झिरपणारा गॅस. चांगला फॅब्रिकेटर हा डबा जॉबच्या गोलाईप्रमाणे स्वतःच बनवून घेतो. जोडाची मागची बाजूही तेवढीच तापते, म्हणून पाइपच्या आतही आर्गॉन भरावा लागतो. आर्गॉन हवेपेक्षा जड. तो खालून सोडायचा आणि हवा वरून जाऊ द्यायची. उलटं केलं तर हवा आणि गॅस आतल्या आत मिसळत राहतात आणि सिलिंडर फुकट जातो. काम थांबवताना आर्क विझली तरी टॉर्च तिथेच धरून ठेवायची, वीस-तीस सेकंद गॅस वाहू द्यायचा. घाईच्या माणसाला ही वीस सेकंद फार जड जातात. फिलर वायरचं (जोडात वितळवून भरायच्या तारेचं) टोक मध्येच कपाबाहेर काढलं तर तेही तेवढ्यात हवा पितं. पुन्हा सुरू करण्याआधी ते टोक कापून टाकायचं. टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे तात्पुरते जोड) मारतानाही हेच सगळं पाळायचं. हवा लागून निळ्या पडलेल्या टॅकवरून जोड ओढला, तर त्यातला ऑक्सिजन सगळा डोहात उतरतो.

गॅस कमी पडतो म्हणून फ्लो वाढवणं हा उलटा उपाय आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे आर्गॉनचा झोत शांत राहत नाही, भोवरे धरतो आणि भोवऱ्यांबरोबर बाहेरची हवाच आत ओढतो. कप मोठा घ्यावा, त्यात गॅस लेन्स बसवावी. गॅस लेन्समधली बारीक जाळी झोत सरळ करते.

नागपुरात या सगळ्याला आणखी एक शत्रू आहे, आणि तो वेल्डिंगच्या पुस्तकांत सापडणार नाही. आपला डेझर्ट कूलर. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. असल्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली कूलरशिवाय उभं राहणं अशक्य, हे मान्य. पण टिग वेल्डिंगच्या (टंगस्टनच्या टोकाने आर्क धरायच्या या पद्धतीच्या) आर्गॉनला सेकंदाला दोन मीटरच्या वाऱ्याचाही धक्का सोसत नाही, आणि कूलरच्या तोंडाशी वारा त्याहून कितीतरी जोरात असतो. त्यात ही हवा ओली. वाफ तापलेल्या टायटॅनियमला लागली की तिचे तुकडे होतात; ऑक्सिजन धातूत जातो आणि हायड्रोजनही. हायड्रोजनची मर्यादा तर फक्त ०.०१५ टक्के आहे. जास्त झाला की धातूत हायड्राइडच्या सुया तयार होतात, आणि जोड आज ठीक दिसून काही दिवसांनी आपोआप तडकू शकतो. जोडात बारीक छिद्रं राहतात, त्यांच्यामागेही बहुतेक वेळा हाच ओलावा असतो. तेव्हा 'कूलर बंद कर ना बे, जोड निळा येऊन राहिला!' अशी ओरड कुठे ऐकू आली, तर ओरडणाऱ्याला धातुशास्त्र कळलं आहे असं समजावं. पडदे लावून आडोसा करणं, कूलरचं तोंड फिरवणं, टायटॅनियमचं काम पहाटेच उरकून घेणं, हे उपाय साधे आहेत पण लागू पडतात. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते. तेव्हा आर्गॉनच्या रबरी नळ्यांकडेही लक्ष द्यावं. रबरातून ओलावा आत झिरपतो. प्लास्टिकच्या नळ्या बऱ्या.

निळा का, हेही सांगायला हवं. टायटॅनियमचा ऑक्साइड स्वतः रंगीत नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये असतो तो हाच. पण त्याचा थर अतिशय पातळ असला की थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग विझतात, काही उजळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात ते रंग असेच. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो: चंदेरी, फिकट गव्हाळ, गडद सोनेरी, तपकिरी, जांभळा, निळा. त्याच्याही पुढे मळकट राखाडी आणि शेवटी पांढरी भुकटी. चंदेरी आणि फिकट गव्हाळ जोड साधारणपणे स्वीकारतात. निळा-जांभळा महत्त्वाच्या कामात नाकारतात. राखाडी किंवा पांढरा दिसला तर बोलायलाच नको, तो भाग कापून काढायचा.

आणि इथे पोलादाची सवय सर्वात महाग पडते. काम झालं की ब्रश मारायचा, जोड चकाकवायचा आणि मग दाखवायचा, ही चांगल्या वेल्डरची शिस्त. टायटॅनियमवर तपासणीआधी ब्रश मारला तर रंग जातो, ठिसूळपणा आतच राहतो. तपासणाऱ्याच्या हाती असलेला एकमेव पुरावा पुसला जातो. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच रंग पाहून होईपर्यंत जोडाला हात लावू देत नाहीत. दोन पासच्या (एकावर एक मारलेल्या थरांच्या) मधला रंग घासून त्यावर दुसरा पास मारणं त्याहून वाईट. वरचा थर चंदेरी येतो आणि दोष खाली गाडला जातो. रंगावर आंधळा विश्वासही बरा नव्हे. थर आणखी जाडावला की रंगांचं चक्र फिरून पुन्हा फिकट छटा येतात आणि त्या गव्हाळासारख्या भासू शकतात. त्यामुळे रंग हे पहिलं लक्षण मानावं. खरी परीक्षा त्याच ग्रेडच्या, त्याच जाडीच्या तुकड्यावर तसाच जोड मारून तो वाकवण्यात आहे.

स्वच्छतेबाबत एक खरी हकिकत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतली लॉकहीड कंपनी ब्लॅकबर्ड हे विमान जवळजवळ सगळं टायटॅनियमचं बांधत होती. तिथे लक्षात आलं की उन्हाळ्यात स्पॉट वेल्ड केलेले (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले) पंखाचे पत्रे लवकर निकामी होतात आणि हिवाळ्यात केलेले टिकतात. कारण निघालं कॅलिफोर्नियातल्या बर्बँक शहराच्या नळाचं पाणी. शेवाळ धरू नये म्हणून उन्हाळ्यात त्यात क्लोरीन जास्त घालत, आणि त्याच पाण्याने पत्रे धुतले जात. मग डिस्टिल्ड वॉटर आणलं गेलं. क्लोरीन-क्लोराइडची ही भीती आपल्याकडे रोजची आहे, कारण घामात मीठ असतं. धुतलेल्या पत्र्यावर उघड्या बोटाचा ठसा किंवा कपाळावरचा थेंब चालत नाही. स्वच्छ नायट्राइल हातमोजे घालावेत. आदल्या जॉबचं तेल मुरलेले चामड्याचे मोजे घालून फिलर वायर धरू नये. पुसायला ॲसिटोन. क्लोरीनयुक्त क्लीनर नकोच, आणि मिथेनॉल असलेलं स्पिरिटही नको: १९६६ मध्ये अपोलो यानाची टायटॅनियमची टाकी मिथेनॉल भरून दाबाखाली तपासताना फुटली होती.

ब्रश स्टेनलेसचा चालतो, पण तो फक्त टायटॅनियमसाठी राखून ठेवलेला. ग्राइंडरची चकतीही वेगळी. लोखंडाचे कण टायटॅनियममध्ये रुतले तर गंज न लागणारा हा धातूही तिथे खाल्ला जाऊ लागतो. ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्यांनी मशीनचं सेटिंगही बदलायला विसरू नये. ॲल्युमिनियमला एसी लागतो; टायटॅनियमला डीसी, टॉर्च निगेटिव्हला. टंगस्टनचं टोक डोहाला टेकवून आर्क पेटवायची सवय सोडावी, न टेकवता हाय फ्रिक्वेन्सीने पेटवावी. टायटॅनियमचा बारीक कीस कोपऱ्यात साठू देऊ नये. तो पेटला तर पाणी मारल्याने आग भडकते.

टाकीच्या आत काम असेल तेव्हा आणखी एक गोष्ट. आर्गॉन जड, रंगहीन, वासहीन. तो तळाशी साचतो आणि आत उतरलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता तो बेशुद्ध पडू शकतो. ऑक्सिजन मीटरने हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा केल्याशिवाय आत उतरायचं नाही. बाहेरच्यानेही वाचवायला म्हणून तसंच आत उडी घ्यायची नाही. अशा अपघातांत दुसरा जीव याच पायी जातो.

राहता राहिली गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी: टायटॅनियमच्या पाइपला एसएसचा फ्लँज (बोल्टच्या भोकांची कडी) वेल्ड करून द्या. हे आर्कने होत नाही. लोखंड आणि टायटॅनियम एकत्र वितळले की त्यांची ठिसूळ संयुगं तयार होतात आणि जोड थंड होता होताच फुटतो. कितीही आर्गॉन ओतला तरी त्यात फरक पडत नाही, कारण इथे हवेचा दोषच नाही. हे दोन धातू न वितळवता, स्फोटाच्या धक्क्याने एकमेकांवर दाबून चिकटवता येतात आणि अशा दुहेरी प्लेटा विकत मिळतात. साध्या पाइपलाइनसाठी मात्र मधे गॅस्केट घालून नट-बोल्ट आवळणं पुष्कळ स्वस्त पडतं.