चिलखत घेण्यापूर्वी : कडी, रिव्हेट आणि वजन

नाटक, मिरवणूक, माहितीपट किंवा घरच्या संग्रहासाठी कड्यांचं चिलखत हवं असलेले, आमच्या चिलखताच्या कारखान्यात येणारे बहुतेक ग्राहक आधी किंमत विचारतात. एकाच मापाच्या दोन चिलखतांच्या किमतीत एवढी तफावत का, याचं उत्तर कडी कशी बंद केली आहे त्यात असतं.

वीण

सर्वांत रूढ वीण 'चारात एक'. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. मांडीपर्यंत येणाऱ्या चिलखताला २०-३० हजार कड्या सहज लागतात आणि पोलादी असेल तर वजन १० किलोच्या आसपास भरतं. ही जाळी एका दिशेला चांगली ताणली जाते, दुसऱ्या दिशेला फारशी नाही. ताण छातीभोवती आडवा यायला हवा, तरच हात मोकळे हलतात. आडवं-उभं उलट जोडलेलं चिलखत लांब लोंबतं आणि दंडाला आवळतं. कुठूनही घ्या, अंगात घालून हात वर करून बघा.

कडी बंद कशी होते

रुमेनियातल्या चुमेश्ती इथे केल्टिक कबरीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचं चिलखत सापडलं. कड्यांचं चिलखत हे गॉल या केल्टिक लोकांचं काम, असं रोमन लेखक वारोनेही नोंदवलंय. रोमनांनी ते उचललं आणि मेहनतही वाचवली. एक ओळ अखंड, म्हणजे जोड नसलेल्या कड्यांची, पुढची रिव्हेटच्या, म्हणजे बारीक खिळीने टोकं जोडलेल्या कड्यांची, अशी त्यांची रचना असे, त्यामुळे निम्म्याच कड्या बंद कराव्या लागत.

रिव्हेटची कडी करायची तर सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार कापतात. मग कड्या लालबुंद तापवून सावकाश थंड होऊ देतात, म्हणजे तार नरम पडते. टोकं एकावर एक आणून हातोडीने चपटी करायची, त्यात बारीक भोक पाडायचं, कडी विणीत घालायची आणि भोकात इवलीशी खीळ घालून ठोकायची. तार जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची असते. भोक जरा बाजूला गेलं की कड फाटते आणि कडी भंगारात जाते.

आपल्याकडे अखंड आणि रिव्हेटच्या, दोन्ही तऱ्हेच्या कड्या होत्या. मधोमध आडवी दांडी असलेल्या अखंड कड्या हे भारतीय चिलखतांचं खास लक्षण. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या जोडीला पितळेच्या आणि तांब्याच्या कड्या घालून नक्षी काढत. अशा पुष्कळ चिलखतांत कडी नुसती वळवून टोकाला टोक भिडवलेली दिसते. तेव्हा आमच्या काही चिलखतांत अशी वळवलेली कडी असते, ती पळवाट नव्हे! जाळीत पोलादी पट्ट्या गुंफलेली बख्तरंही होती. इंग्लंडमध्ये लीड्सच्या संग्रहालयात असं हत्तीचं बख्तर आहे, आज शिल्लक असलेल्या भागाचंच वजन ११८ किलो.

चिलखत काय अडवतं

धारेचा वार. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचं हत्यार शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावरच अडलं. गदेचा दणका मात्र जाळीतून थेट हाडाला बसतो, म्हणून आत रुई भरलेला जाड अंगरखा लागतोच. आमची वळवलेल्या कड्यांची चिलखतं केवळ पोशाखाची आहेत. टोकदार हत्यार खुपसलं की कडी उघडते. मर्दानी खेळात खऱ्या वारासमोर ती घालून उभं राहू नका.

काय घ्यावं

रंगमंचावर तासभर वावरायचं असेल तर ॲल्युमिनियम घ्या, वजन पोलादाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं. पांढऱ्या कपड्याला ते काळं लागतं, एवढं लक्षात ठेवा. जवळून चित्रीकरण किंवा संग्रह असेल तर रिव्हेटचंच घ्या, पैसे जास्त लागले तरी. मागच्या रांगेतल्या सैनिकांना सुतळीची वीण करून चंदेरी रंग मारलेला पुरतो. तिथे आमच्याकडे खर्च करू नका.

मिरवणुकीच्या ट्रकवर जनरेटर आणि दिव्यांच्या वायरींपासून लांब राहा. उन्हात पोलाद चटके देतं, त्यामुळे उघड्या अंगावर घालू नये.

निगा

घामाने गंज धरतो, कोकणात तर पावसाळ्यात फार लवकर. काढल्यावर कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. हँगरवर टांगू नका, आडवं पसरून ठेवा. मध्ययुगीन युरोपात चिलखत वाळूसकट पिंपात घालून गडगडवत. हट्टी गंजावर ते आजही चालतं, नक्षीच्या पितळी कड्यांवर मात्र नको.

माप द्यायला येताना आत जे घालणार तो अंगरखा घालूनच या, आणि पट्टाही आणा. कमरेला पट्टा आवळला की खांद्यावरचा बराच भार कमरेवर येतो. पट्टा कुठे बसणार हे पाहूनच आम्ही लांबी ठरवतो.