मिठाच्या कढईत जुळणारं अ‍ॅल्युमिनियम

परभणीकडच्या आमच्या गावात कल्हईवाला आला की आम्ही पोरं त्याच्या भात्याभोवती कोंडाळं करायचो. पातेलं तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की पातेलं आतून लखलखायचं. नवसागराशिवाय कथिल धरत नाही, एवढं तेव्हा कळलं होतं. तापलेल्या धातूवर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि नवसागर तो खाऊन टाकतो, हे कारण पुढे शाळेत कळलं.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत हा थर फार चिवट असतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, त्यावरचा ऑक्साइड मात्र २००० अंशांच्याही वर. घासून काढला तरी क्षणात पुन्हा येतो. त्यात हा धातू तापून लाल होत नाही. रंग न बदलताच एकदम ढासळतो.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियम जोडायचं म्हटलं की विजेच्या आर्कनं, म्हणजे सलग ठिणगीनं, धातू वितळवून जोडणारं टिग वेल्डिंगच आठवतं. जाड कामाला ते उत्तम आहे. पण दीड मिलिमीटर पत्र्याची, आत दहा-पंधरा पडदे असलेली पेटी असेल तर? एका जागी आर्क लागला की तेवढाच भाग फुगतो. मीटरभर पट्टी १०० अंशांनी तापली तर सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, म्हणजे पोलादाच्या जवळपास दुप्पट. अशी वेल्ड केलेली एक पेटी मी पाहिली आहे. सांधे सुबक होते, पण सपाट प्लेटवर ठेवली तर एक कोपरा वर राही आणि खालून नख आत जाई.

दुसरी पद्धत डिप ब्रेझिंगची, म्हणजे बुडवून सांधण्याची. तिच्यात आर्क नसतो, वितळलेल्या मिठाची कढई असते. सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमची क्लोराइडं, सोबत थोडी फ्लोराइडं. स्वयंपाकातलं मीठ एकटं ८०१ अंशांना वितळतं. मिश्रण त्याच्या कितीतरी खाली पातळ होतं, म्हणून ते ५९० अंशांच्या आसपास ठेवता येतं. सांध्यावर आधी सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमची तार किंवा पेस्ट ठेवतात. ती ५८० अंशांच्या आसपास वितळते. पत्रा ३००३ क्रमांकाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा असेल, तर तो सुमारे ६४० अंशांपर्यंत घट्ट राहतो. सगळी करामत या मधल्या अंतरात आहे.

तव्यावरची भाकरी एका बाजूनं भाजते, तेलातली पुरी चहूकडून. पेटीही मिठात तशीच सगळीकडून सारखी तापते, म्हणून वाकडी होत नाही. हेच मीठ नवसागराचं कामही करतं: ऑक्साइडच्या थराखाली शिरून तो सोडवतं. शिवाय जड असल्यानं पेटीचं निम्म्याच्या आसपास वजन तेच पेलतं, त्यामुळे तापून मऊ झालेला पत्रा झोळत नाही. वितळलेली तार वातीत तेल चढावं तशी फटीत ओढली जाते. काही मिनिटांत सगळे सांधे एकदमच जुळतात. आतल्या कोनात मेण ओघळून थिजल्यासारखी गुळगुळीत गोलाई उरते. बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. रडारचे वेव्हगाइड (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या) आणि विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या अशा जोडतात, कारण तिथे आतली मापं बिघडून चालत नाही.

एक धोका मात्र जीवघेणा आहे. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, ते घरात सगळ्यांनी पाहिलंय. इथे तर ५९० अंशांचं मीठ उसळतं. म्हणून पेटी आधी भट्टीत ५५० अंशांच्या आसपास तापवून पूर्ण कोरडी करतात. ७०७५ सारख्या मिश्रधातूंना ही पद्धत चालत नाही. ते आधीच वितळू लागतात. आणि एखाद-दुसऱ्या ब्रॅकेटसाठी कढई तापती ठेवणं परवडणारही नाही.

खरी कसोटी धुण्यात आहे. कोपऱ्यात मीठ राहिलं तर ओल धरून तेच अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं. म्हणून पेटीत मीठ अडकेल असा बंद कप्पा ठेवत नाहीत. निचऱ्याला भोकं ठेवतात आणि गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतात. शेवटी धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. दुधट झालं की क्लोराइड अजून शिल्लक आहे. आपल्याकडे ही तपासणी बोअरच्या पाण्यावर करू नये. त्या खारट पाण्यात क्लोराइड मुळातच असतं, पेटी कितीही स्वच्छ असली तरी ते दुधट होणारच. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं करायचं आणि थेंब त्यातच टाकायचा.