हळदीच्या पानातली नेमबाज अळी

हळदीच्या वासाने किडे पळतात, असं सर्रास ऐकू येतं. पण पातोळ्यांसाठी पानं काढताना एखादं सुरळी झालेलं पान सापडलं, तर ते हलक्या हाताने उकलून पाहा. आत काळ्या डोक्याची, अर्धपारदर्शक हिरवी अळी निवांत बसलेली असेल. हळद, आलं, सोनटक्का यांची पानं हे तिचं अन्न. ती मोठी होऊन ग्रास डेमन (उडॅस्पिस फोलस) नावाचं फुलपाखरू होते: गडद तपकिरी, मागच्या पंखांवर मोठा पांढरा डाग, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली.

सुरळी होते रेशमाने. डोकं इकडून तिकडे नेत अळी पानाच्या दोन बाजूंमध्ये ताणलेले धागे टाकते. ते आखडले की पान किंचित वळतं, मग पुढचे धागे आणखी आखूड. कोवळी अळी कडेचा तुकडा कातरून दुमडते. मोठी झाली की आख्खं पान गुंडाळते.

मात्र सुरळीत विष्ठा फारशी दिसत नाही. ‘चपळ’ (स्किपर) फुलपाखरांच्या या कुळातल्या अळ्या ती चक्क फेकतात. गुदद्वारावरच्या झाकणाखाली कंगव्यासारखे कडक दाते असतात. विष्ठेची गोळी बाहेर आली की अळी आतल्या रक्ताचा दाब वाढवते, पण दाते खालची कड अडवून धरतात. दाब पुरेसा झाला की कड सटकते आणि गोळी उडते. आपण अंगठ्यात बोट अडकवून टिचकी मारतो, तसंच. अमेरिकेतल्या एका भाऊबंद अळीची गोळी तिच्या लांबीच्या ३८ पट दूर जाते.

एवढा खटाटोप स्वच्छतेसाठी असेल, असं वाटतं. पण २००३ साली संशोधक मार्था वाइस यांनी त्याच अळीवर प्रयोग केले, तेव्हा विष्ठा आत साठू दिल्याने अळ्या आजारी पडल्या नाहीत, जागाही अडली नाही. फरक पडला अळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांमुळे. काही घरांत विष्ठा, काहींत तेवढेच काचेचे मणी ठेवले, तर माश्या वास काढत विष्ठेच्या घरांकडे गेल्या.

शेतात या सुरळ्या दिसल्या की लगेच पंप काढायची घाई नको. फवारा सुरळीत नीट पोचत नाही. उलट अळीचे शत्रूच मरतात. सुरळ्या थोड्या असतील तर हाताने तोडून नष्ट कराव्यात. हळदीचं खरं नुकसान करतात ती कंदमाशी आणि खोडकिडा. लक्ष तिकडे हवं.