महाराष्ट्रातील कारागृह व्यवस्था

महाराष्ट्रातील कारागृह व्यवस्था : राज्याच्या गृह विभागाखालील तुरुंगांची यंत्रणा. बांधीव तुरुंग, पगारी अधीक्षक आणि लेखी नियम हे तिचे आजचे रूप इंग्रजी अमलात घडले. मराठेशाहीत कैदी बहुधा किल्ल्यांवर ठेवत. इंग्रजांनीही आधी किल्लेच वापरले. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाप्रकरणी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होता. पहारा गोऱ्या शिपायांचा, आणि त्यांना मराठीचा गंध नव्हता. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाण्यातून निरोप पोचवी, असे सांगतात. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाला. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह याच किल्ल्यात आहे.

पुण्याचे येरवडा कारागृह १८७१ चे. पुढे १८९४ च्या कारागृह अधिनियमाने सगळीकडे एक शिस्त बसवली. हा कायदा मुख्यतः बंदोबस्ताचा. बेड्या, अन्नकपात, वेताचे फटके यांची त्यात तपशिलाने तरतूद होती. कैद्याला सुधारणे हा तुरुंगाचा हेतू असावा, असे सरकारी समितीने स्पष्ट म्हटले ते १९१९–२० मध्ये. कायदा मात्र तोच राहिला. स्वातंत्र्यलढ्यात या तुरुंगांना वेगळेच महत्त्व आले : गांधीजींचे सप्टेंबर १९३२ चे उपोषण आणि २४ तारखेचा पुणे करार, दोन्ही येरवड्यातले.

सुधारणेचा खरा धाडसी प्रयोग ब्रिटिश मुलखात झालाच नाही. तो केला औंध या छोट्या संस्थानाने. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा होता आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा पुढाकार. तट नाही, कुलूप नाही. कैद्याने शेत कसायचे आणि बायकामुलांसह तिथेच राहायचे. संस्थान विलीन झाले तरी वसाहत टिकली, हे विशेष. पुढे राज्याने पैठणसारखी खुली कारागृहे काढली, तरी कुटुंबासह राहण्याची मुभा हे स्वतंत्रपूरचेच वैशिष्ट्य मानावे लागेल. शिक्षा भोगणाऱ्यांसाठी १९५९ च्या नियमांनी संचित रजा (फर्लो, म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी सुटी) आणि अभिवचन रजा (पॅरोल, म्हणजे घरच्या निकडीसाठीची सुटी) यांची चौकट घातली.

हे सारे पक्क्या कैद्यांसाठी. बराकीत गर्दी असते ती कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला चालू असलेल्यांची. देशभरात २०२२ अखेर सुमारे तीन चतुर्थांश बंदी याच वर्गातले होते. त्यांना ना फर्लो, ना खुल्या तुरुंगाची वाट. मुलाकात आणि कोर्टाची तारीख एवढ्यावरच त्यांचे दिवस मोजले जातात.

तुरुंग हा राज्यसूचीतला, म्हणजे घटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय असल्याने रोजचा कारभार राज्याच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालतो. अनेक राज्यांच्या अशा पुस्तिकांत जात पाहून झाडलोट किंवा स्वयंपाकाचे काम देण्याच्या तरतुदी तशाच राहिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि नियम बदलायला राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.